गावदप्तरातून पूर्वज शोधताना: आडनाव बाजूला ठेवा, सर्व्हे नंबर धरा

वंशावळ शोधणारे बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. पहिल्याच आठवड्यात पुण्याचे पुरालेखागार गाठायचे, ‘आमच्या आडनावाचे काही सापडेल का’ असे विचारायचे आणि रिकाम्या हाताने परत यायचे. तिथले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, आडनावांनुसार लावलेले नाहीत. ते प्रांत, परगणा, गाव, साल आणि खाते यांनुसार लावलेले आहेत. शिवाय शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गावकागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. ‘तुकाराम बिन राणू’, म्हणजे राणूचा मुलगा तुकाराम, एवढेच लिहिलेले असते.

माणसे गाव सोडतात, आडनावे बदलतात, जमीन मात्र जागची हलत नाही. म्हणून महाराष्ट्रात पूर्वजांचा माग काढायचा तर जमिनीचा नंबर हाच धागा. तो आजच्या सात-बारापासून धरून एकेक पिढी मागे जायचे. मोडी आणि पेशवे दप्तर सगळ्यात शेवटी. शेतजमीन नसलेल्या घरांचा रस्ता टप्पा ६ मध्ये आहे, पण पहिले दोन टप्पे त्यांनाही चुकत नाहीत.

## टप्पा १: कचेरीआधी घर

घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘आपली वंशावळ सांगा’ म्हटले की तीन नावांवर गाडी अडते. त्यापेक्षा लहान प्रश्न विचारा. आपल्या बांधाला बांध कोणाचा? भावकीत सुतक कोणाकोणाचे धरतात? आजीचे माहेर कुठले, आत्या कुठे दिल्या? कोणी दत्तक गेले किंवा आले का? आजोबांचे श्राद्ध कोणत्या तिथीला असते? सुतकाचा प्रश्न विशेष कामाचा. ज्यांचे सुतक धरले जाते ते एका मूळ पुरुषाचे, आणि त्यांच्या घरात तुमच्याकडे नसलेले कागद असू शकतात.

श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशी तीन नावे उच्चारली जातात. ज्या घरात श्राद्ध नेमाने होते तिथे तीन पिढ्या आणि मृत्यूची तिथी आयती मिळते. ही तिथी जपून लिहा, टप्पा ५ मध्ये मृत्यूची नोंद ओळखायला तीच लागते.

मग कागद गोळा करा: जुने सात-बारा, साऱ्याच्या पावत्या, खरेदीखते, शाळा सोडल्याचे दाखले, जुनी रेशनकार्डे, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडीही पाहा. त्यांवर देणाऱ्याचे नाव आणि कधी कधी तारीख कोरलेली असते.

प्रत्येक पूर्वजासाठी एक वेगळे पान करा. त्यावर नाव, बापाचे नाव, गाव, जमिनीचा नंबर, कागदाचा प्रकार, नोंद क्रमांक, वर्ष आणि तो कागद कुठे पाहिला हे लिहा. तोंडी माहिती पेन्सिलीने, कागदावर पाहिलेली शाईने. हा फरक पहिल्या दिवसापासून ठेवला नाही तर महिन्याभराने कोणते नाव आत्याने सांगितले आणि कोणते फेरफारात, म्हणजे जमिनीवरचे नाव बदलल्याच्या नोंदीत, होते हे तुम्हालाच उमगत नाही.

इशारा: जुने कागद लॅमिनेट करू नका आणि फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. घडी उलगडून फोटो काढा आणि सपाट ठेवा.

पुढे जाण्याआधी तपासा: किमान एका पूर्वजाचे स्वतःचे आणि बापाचे नाव, गावाचे नाव तालुक्यासकट, आणि मृत्यूचा अंदाजे काळ हातात आहे ना?

## टप्पा २: गावाचा तेव्हाचा पत्ता

वडगाव, पिंपळगाव, नांदगाव या नावांची गावे जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत. बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी महसुली गावे, त्यांची दप्तरेही वेगळी. नुसते ‘आमचे मूळ गाव वडगाव’ घेऊन तहसीलमध्ये गेलात तर कोणी मदत करू शकत नाही.

गाव नक्की झाले की ते तेव्हा कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात आणि कोणाच्या राज्यात होते ते काढा. सिंधुदुर्ग आणि जालना हे जिल्हे १९८१चे, लातूर आणि गडचिरोली १९८२चे, नंदुरबार आणि वाशिम १९९८चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९चे, पालघर २०१४चा. त्याआधीचा कागद जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात पडून असू शकतो. चंदगड तालुका १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, तिथल्या घरांचा शोध बेळगावपर्यंत जातो. कोल्हापूर, सांगली, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी, जंजिरा, अक्कलकोट ही संस्थाने होती. त्यांची दप्तरपद्धत इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या दप्तरापेक्षा वेगळी. जुन्या तालुक्यांच्या हद्दी आणि गावांच्या याद्या जिल्हा गॅझेटियरमध्ये मिळतात. गॅझेटियरचा उपयोग तेवढाच. त्यात तुमच्या पणजोबांचे नाव शोधण्यात वेळ घालवू नका.

प्रदेश बदलला की कागदाचे नावही बदलते, आणि चुकीचे नाव घेतले की कारकून ‘असे काही नाही’ म्हणून मोकळा होतो.

पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणात गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही मागायची. मोजणीच्या वेळचे सूडबुक, कडई पत्रक, शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर हे तालुक्याच्या भूमी अभिलेख उप अधीक्षकांकडे असतात. कोकणात खोती, म्हणजे खोताने गावाचा सारा वसूल करायची पद्धत, १९४९च्या कायद्याने गेली. त्याआधीच्या खोती गावात कब्जेदाराच्या रकान्यात खोत दिसतो आणि प्रत्यक्ष कसणारा कूळ म्हणून ‘इतर हक्क’ रकान्यात असतो. पहिला रकाना पाहून ‘आमचे नाव नाही’ म्हणत परतणारे कोकणात फार.

मराठवाड्यात खासरा पत्रक, पाहणी पत्रक, हक्क नोंदणी पत्रक, कुळ नोंदवही आणि १९५१चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर ही नावे लक्षात ठेवा. निजामाच्या काळातले कागद उर्दूत आहेत. मराठवाड्यासाठी मोडी वाचक गाठण्याआधी उर्दू वाचणारा गाठा. वरच्या पातळीवरचे काही दप्तर हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहे.

विदर्भात वऱ्हाड आणि नागपूर प्रांत वेगळे धरा. वऱ्हाडात मोजणी मुंबईच्या धर्तीवर झाली. नागपूरकडे मालगुजारी, म्हणजे मालगुजाराने गावाचा सारा भरायची पद्धत, होती; ती १९५०च्या कायद्याने संपली. तिथे मिसल बंदोबस्त, जमाबंदी, खसरा आणि १९५४-५५ची अधिकार अभिलेख पंजी मागा. जन्ममृत्यूच्या वहीला तिकडे कोतवाल पंजी म्हणतात, शाळेच्या वहीला दाखल-खारीज.

गोव्यातले मूळ असेल तर ही साखळी लागू पडत नाही. तिथे कोमुनिदादच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, गांवकारांच्या नोंदी, नागरी नोंदणी आणि पणजीचे पुराभिलेख पाहायचे, आणि कागद पोर्तुगीजमध्ये असतात. मॉरिशसच्या मराठी कुटुंबांनी मात्र तिकडूनच सुरुवात करावी. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या गिरमिट, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदींत मूळ जिल्हा आणि गाव नोंदलेले असते. नावांची वर्णलेखने वेडीवाकडी असतात, ती मोठ्याने वाचून ओळखावी लागतात.

## टप्पा ३: सात-बारापासून फेरफारांची साखळी

सगळ्या शोधाचा कणा हाच. घाई करू नका.

१. महाभूलेख संकेतस्थळावरून तुमच्या किंवा भावकीच्या जमिनीचा चालू सात-बारा काढा. नावांशेजारी फेरफार क्रमांक असतो आणि उताऱ्यात ‘जुने फेरफार क्रमांक’ अशी यादी असते. ती सगळी उतरवून घ्या.

२. यादीतला सर्वांत नवा वारस फेरफार आधी काढा. मग त्यात ज्याच्या नावावरून जमीन आली त्या माणसाचे नाव ज्या फेरफाराने लागले तो. एका वेळी एकच पायरी मागे. मधला फेरफार वगळून थेट १९२०चा काढलात तर त्या दोन नावांचे नाते कधीच सिद्ध होत नाही.

३. हस्तलिखित सात-बारा वेगळा मागा. संगणकावर चढवताना कंस केलेली, म्हणजे कमी केलेली, नावे पुष्कळदा गळली आहेत. तुम्हाला नेमकी तीच हवी असतात. हाती लिहिलेल्या सात-बाराचे ठरावीक वर्षांनी पुनर्लेखन होत असे, म्हणून एकाच जमिनीचे तीन-चार जुने उतारे निघू शकतात. सगळे घ्या.

४. जुन्या कागदांचे स्कॅन ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर काही जिल्ह्यांसाठी उपलब्ध आहेत. आधी तिथे पाहा. नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज करा. अर्जात गाव, नमुना क्रमांक, फेरफार क्रमांक आणि वर्ष लिहा. ‘आमच्या कुटुंबाचे सर्व कागद’ अशा अर्जाला उत्तर मिळत नाही.

फेरफार वाचताना या खुणा ओळखता यायला हव्यात. ‘बिन’ आणि ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, ‘कोम’ आणि ‘जौजे’ म्हणजे अमक्याची बायको. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालन कर्ता: दोन नावांपैकी एक अल्पवयीन वारसाचे आणि दुसरे त्याच्या पालकाचे. ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर वा कर्ता. शेवटच्या खुणेपाशी फार जण फसतात. कर्त्याच्या एकट्याच्या नावावर जमीन लागली म्हणजे तो एकुलता होता असे नाही. धाकटे भाऊ त्याच्या नावाआड असतात आणि वाटणीच्या फेरफारात एकदम बाहेर येतात.

मुलींचेही तसेच. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदींत मुली सहसा नसतात. नोंद नाही म्हणजे मुलगी नव्हती असे लिहू नका.

हिश्श्याचे आकडे तर अर्धी वंशावळ सांगतात. पूर्ण जमीन म्हणजे १६ आणे, १ आणा म्हणजे १२ पै. ८ आणे असेल तर दोन वाटे, ४ आणे असेल तर चार, ५ आणे ४ पै असेल तर तीन. २ आणे ८ पै म्हणजे सहावा हिस्सा. सहा भाऊ असतील, किंवा आधी दोन भावांत आणि मग एकाच्या तीन मुलांत वाटणी झाली असेल. कोणते खरे ते बाकीच्या हिस्सेदारांचे आकडे पाहून ठरते. सहाही हिस्से सारखे आणि बाप एकच असेल तर सहा भाऊ. एकाकडे ८ आणे आणि तिघांकडे २ आणे ८ पै असतील तर दोन पिढ्या. सगळ्या हिश्श्यांची बेरीज १६ आणे होते का ते पाहा. होत नसेल तर एक शाखा तुमच्या नजरेतून सुटली आहे, किंवा तिने हिस्सा विकला आहे.

हक्कनोंदीचा कायदा १९०३चा, त्यामुळे मुंबई इलाख्यातल्या गावांत फेरफारांची साखळी फार तर तिथवर पोचते. त्या काळच्या नोंदीत मयत झालेला माणूस साठीचा असेल तर तुम्ही १८४०-५०च्या सुमारास जन्मलेल्या पूर्वजापाशी आलात.

तपासा: प्रत्येक जोडीसाठी, म्हणजे बाप आणि मुलगा, फेरफार क्रमांक शाईने लिहिलेला आहे का? जिथे नाही तिथे साखळी तुटलेली आहे. पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: गट नंबरामागचा सर्व्हे नंबर

बहुतेक शोध इथेच बंद पडतात. जमिनीचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याच्या एकत्रीकरण योजनेत, जी १९४७च्या कायद्याने आली, पुष्कळ गावांतले सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर २१४ चे जुने फेरफार सर्व्हे नंबर २१४ मध्ये शोधाल तर दुसऱ्याच घराण्याची वंशावळ हाती लागेल. ती पटतेही, कारण नावे सगळीकडे तीच.

१. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे ९(३) आणि ९(४) चे उतारे मागा. त्यांत योजनेआधीचा सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, क्षेत्र, खातेदार आणि नंतरचा गट नंबर दिसतो.

२. क्षेत्र जुळवा. ४० गुंठे म्हणजे १ एकर. नवे उतारे हेक्टर-आरमध्ये असतात; १ हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे. थोडा फरक चालतो. दुपटीचा फरक असेल तर दोन नंबर एकत्र झालेले आहेत, दोघांचाही मागोवा घ्या.

३. पोटहिस्सा केव्हा पडला ते फाळणी बारा या नकाशात दिसते. पोटहिस्सा म्हणजे बहुधा भावांची वाटणी, आणि तिचे साल हा बाप वारल्याच्या काळाचा अंदाज.

इशारा: गावठाणातले घर आणि शेत यांचे नंबर वेगळे. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचे रजिस्टर, किंवा नगर भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका पाहायची.

## टप्पा ५: कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर

जमिनीने नाते दिले. आता वय, तारीख आणि जात यांसाठी दुसरा, स्वतंत्र कागद हवा.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९चा. त्याआधीच्या गावांतल्या नोंदी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकात असतात, आणि त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात. साधारण किती सालापासूनचे बुक आहे हे गावागणिक बदलते, म्हणून आधी यादी मागा, मग वर्ष मागा.

जन्माच्या पानावर बाळाचे नाव शोधू नका, बहुधा ते नसते. नोंद बारशाच्या आधी होई. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि बापाचे नाव, जात, एवढेच मिळते. म्हणून बापाच्या नावाने शोधा आणि त्या बापाची सगळी अपत्ये सालवार लिहून काढा. आजोबा तिसरे अपत्य हे घरात माहीत असेल तर तिसरी नोंद पाहा. लहानपणी गेलेल्या मुलांमुळे क्रम एक-दोनने हलतो. मृत्यूच्या पानांशी ताळा करा.

मृत्यूच्या पानावर नाव, अंदाजे वय आणि कारण असते: ताप, पटकी, देवी, प्लेग. घरात सांगितलेली श्राद्धाची तिथी जुन्या पंचांगातून इंग्रजी तारखेत आणून पाहा. दोन-चार दिवसांच्या आत नोंद असेल तर माणूस तोच. १९१८च्या शरद ऋतूतली पाने सावकाश वाचा. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीत एका घरातली तीन-तीन नावे एकाच आठवड्यात दिसतात, आणि एखादी शाखा अचानक कागदातून नाहीशी का झाली ते तिथे कळते.

मृत्यूच्या वेळचे वय ५० आणि ६० या गोल आकड्यांत असते. त्यावरून जन्मसाल काढताना दहा वर्षांची सूट ठेवा.

शाळेसाठी गावच्या जिल्हा परिषद शाळेत जनरल रजिस्टर मागा. जिल्हा परिषदा १९६२च्या, त्याआधी त्याच शाळा लोकल बोर्डाच्या होत्या. रजिस्टरे सहसा शाळेतच राहिली. जुनी पाने मोडीत असू शकतात. रजिस्टरमध्ये पूर्ण नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याची तारीख असते. जन्मतारीख १ जून दिसली तर ती खरी धरू नका. गुरुजींनी प्रवेशाच्या सोयीने हजारो मुलांना दिलेली ती तारीख आहे. साल मात्र कामाचे.

फोटो काढण्याचा क्रम: वहीचे मुखपृष्ठ, रकान्यांची शीर्षके असलेले पान, नोंद असलेले संपूर्ण पान, मग नोंदीचा जवळून फोटो. फक्त शेवटचा फोटो घरी नेलात तर तो कोणत्या वहीतला हे पुढच्या वर्षी कोणीही सांगू शकणार नाही. फायलीला नाव द्या: गाव, नमुना, वर्ष, पान. परवानगी विचारूनच फोटो काढा आणि उपयोगाच्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल त्याच वेळी मागा.

कागद मिळत नसेल तर: ‘नाही’ हे तोंडी उत्तर घेऊन निघू नका. ‘अभिलेख आढळ होत नाही’ असे लेखी मागा. लेखी द्यायचे म्हटले की पुन्हा एकदा कपाट उघडले जाते. तरीही अडले तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा आणि नक्कल मागण्याऐवजी त्या गावाच्या उपलब्ध दप्तराची वर्षवार यादी मागा. उत्तराची मुदत ३० दिवस.

## टप्पा ६: शेतजमीन नसलेली घरे

जमीन नव्हती म्हणून कागद नाहीत, हा समज चुकीचा. कोतवाल बुकात आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये सगळे आहेत. शिवाय वतनदार महारांच्या आणि इतर कनिष्ठ गाववतनांच्या नोंदी वतन रजिस्टरात आहेत. ही वतने १९५८च्या कायद्याने संपली, आणि त्या वेळी जमीन पुन्हा वतनदारांच्या नावे केल्याच्या फेरफारांत वारसांची नावे एका जागी येतात. त्या गावच्या जुन्या फेरफार नोंदवहीत १९५९ ते १९६५ ही पाने ओळीने चाळा.

दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत, गहाणखत, भाडेचिठ्ठी, दत्तकपत्र, मृत्युपत्र नोंदवलेले असते. पक्षकाराच्या नावाने शोधायचे तर इंडेक्स १, मिळकतीने शोधायचे तर इंडेक्स २. दत्तक असल्याचा संशय असेल तर हे पाहिल्याशिवाय रक्ताची वंशावळ काढू नका. दत्तकानंतर बापाचे नाव बदलते आणि फेरफार त्याबद्दल गप्प असू शकतो.

मुंबईला गिरणीत गेलेल्यांचे गावच हरवलेले असते. पहिल्या पिढीच्या मुलांचे पालिका शाळेतले दाखले आणि जुने रेशनकार्ड पाहा. तिथून तालुका मिळाला की टप्पा २ पासून सुरू.

## टप्पा ७: मोडी आणि पुरालेखागार

इथवर येऊन १८५०च्या आसपासचा एक पूर्वज, त्याचे गाव, परगणा आणि हुद्दा किंवा वतन हाती असेल तरच पुढे जाण्यात अर्थ आहे. सामान्य रयतेची नावे पेशवाईच्या कागदांत क्वचित येतात. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, इनामदार, देवस्थानचे गुरव-पुजारी यांची मात्र येतात, कारण त्यांच्या हक्काचे भांडण झाले की वंशावळ दाखल करावी लागे. १८५२च्या इनाम कमिशनपुढे आलेले कागद म्हणूनच सोन्याचे. हे दप्तर पुण्यात आहे. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही केंद्रे आहेत.

जाण्याआधी ओळखपत्र आणि शोधाचा विषय लिहिलेला अर्ज तयार ठेवा. विषयात ‘परगणा अमुक, मौजे अमुक, पाटीलकी वतन, साल अमुक ते अमुक’ असे लिहा.

मोडीत शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. वाचकाला द्यायच्या आधी त्याला गावातल्या आडनावांची आणि शेजारच्या गावांची यादी द्या, चुका निम्म्याने कमी होतात. लिप्यंतर ओळीस ओळ मागा. ‘गोषवारा’ घेऊ नका, त्यात वाचकाचा अंदाज मिसळलेला असतो. महत्त्वाच्या नोंदीचे दुसऱ्या वाचकाकडून स्वतंत्र वाचन करून घ्या, आणि पहिल्याचे वाचन त्याला दाखवू नका.

सालांचे गणित असे:

शके अधिक ७८ म्हणजे इसवी. पौष ते फाल्गुनात, जानेवारी उजाडल्यावर, अधिक ७९. शके १८४० आश्विन म्हणजे ऑक्टोबर १९१८.

मराठी दप्तरातली फसली, म्हणजे महसुली वर्षगणना, अधिक ५९०, मृगापासून डिसेंबरपर्यंत. जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत अधिक ५९१. निजामाच्या राज्यात मात्र फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलत असे. तिथले १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८.

अरबी सन, ज्याला शुहूर म्हणतात, अधिक ५९९. तो शब्दांत आणि एकम आधी असा लिहितात. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७३, म्हणजे १७७२-७३.

राज्याभिषेक शक अधिक १६७३.

मूळ नोंदीतले साल जसेच्या तसे लिहा आणि इसवी बाजूला पेन्सिलीने. गणित चुकले तर मूळ हातात राहते.

## टप्पा ८: उपाध्यायांच्या वह्या आणि हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नावांच्या वह्या असतात. गाव, आडनाव आणि जात सांगितली की त्या गावाचा उपाध्याय कोण ते घाटावर कळते. वहीत आलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली नावे असतात: बाप, आजोबा, भाऊ, मुलगे. त्यामुळे नोंदीच्या वेळी हयात असलेल्यांची नावे विश्वासार्ह, त्यामागची तितकी नाहीत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी घरोघर येऊन वंशावळ सांगतात. त्यांचे सगळे ऐकून घ्या, लिहा, पण पेन्सिलीने.

हा टप्पा शेवटी ठेवण्याचे कारण एकच. वहीतले ‘गणोजी’ तुमचे आहेत की शेजारच्या वाड्यातले, हे ओळखायला आधीच्या टप्प्यांची माहिती लागते.

## टप्पा ९: जुळणी

नातवाला आजोबांचे नाव ठेवायची रीत असल्याने राणू-तुकाराम-राणू-तुकाराम अशी रांग लागते, आणि मधली एक जोडी गळून दोन पिढ्यांची एक होते. प्रत्येक बाप-मुलाच्या जोडीत वयाचे अंतर लिहा. १८पेक्षा कमी किंवा ५०पेक्षा जास्त निघाले तर दोन माणसे एकत्र झाली आहेत किंवा एक सुटला आहे.

प्रत्येक नात्याला दोन वेगळ्या खात्यांचे कागद लागतात: एक जमिनीचा, एक कोतवाल बुक, शाळा किंवा निबंधकाचा. सात-बारा आणि फेरफार हे दोन पुरावे धरू नका, एकावरून दुसरा लिहिलेला असतो. नुसते आडनाव, देवक किंवा कुलदैवत जुळले म्हणून दुसऱ्या गावच्या घराण्याला, विशेषतः सरदार घराण्याला, आपली शाखा जोडू नये. एवढ्या एका मोहाने चांगल्या वंशावळी बिघडल्या आहेत.

कागद जातपडताळणीसाठी लागणार असतील तर तारखा आधीच पाहून ठेवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांआधीचे पुरावे महत्त्वाचे. तिथे फक्त प्रमाणित नक्कल चालते. मूळ नोंदीत स्पेलिंग, आडनाव किंवा जात चुकीची दिसली तरी नकलेवर पेन लावायचा नाही. फरक प्रतिज्ञापत्रात वेगळा लिहायचा.

वंशावळीचा तक्ता भावकीत वाटताना हयात माणसांच्या जन्मतारखा आणि चालू गट नंबर काढून टाका. आणि प्रत्येक नावाखाली कागदाचा क्रमांक बारीक अक्षरात राहू द्या.